कड्याकडे पाठ फिरवून

हरिश्चंद्रगडावर एका दिवसासाठी जाणाऱ्यांचा बेत बहुधा एकाच ठिकाणाभोवती आखलेला असतो, आणि ते ठिकाण म्हणजे कोकणकडा. पायथ्याच्या पाचनई किंवा खिरेश्वर गावातून चढायचे, मंदिरापाशी घटकाभर टेकायचे, लिंबू सरबत प्यायचे, कडा गाठायचा, काठाशी पोटावर झोपून खाली डोकवायचे, फोटो काढायचे आणि सूर्य बुडाला की अंधारातून उतरायला लागायचे. वाटेत फुटणारे फाटे, म्हणजे केदारेश्वराची गुहा, सप्ततीर्थ पुष्करणी, तारामतीचा माथा, त्याच्या पायथ्याची गणेशगुहा, तोलार खिंडीकडे जाणारी धार, हे सगळे ‘वेळ उरला तर’ या सदरात जमा होते. बेत आखण्याची ही रीत उलटी आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. कडा डोळे दिपवतो, पण स्वतःबद्दल फार थोडे सांगतो. तो इथेच का तुटला, एवढा सरळ कसा राहिला, त्याच्या माथ्यावर इतका पाऊस का पडतो आणि त्यातले बरेचसे पाणी समोरच्या कोकणात न उतरता मागच्या मागे पूर्वेला का पळते, या प्रश्नांची उत्तरे काठापासून अर्धा-पाऊण तास मागे, त्या फाट्यांवर मिळतात. तेव्हा फाटे आधी ठरवावेत आणि कडा त्यांच्या हिशेबाने पाहावा.

सुरुवात मात्र काठापासूनच करू, म्हणजे काठ काय दाखवतो आणि काय लपवतो हे कळेल. गड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दी त्याच्या अंगाला येऊन भिडतात. माथ्याची उंची १,४०० मीटरांच्या वर आहे. पश्चिमेला हा माथा एकाएकी संपतो आणि काठ सरळ न जाता अर्धचंद्रासारखा आत वळतो. शिवाय भिंत नुसती उभी नाही, वरून खाली येताना ती मध्येच पोटात गेलेली आहे. त्यामुळे काठावर पोटावर झोपून मान बाहेर काढली तरी थेट खाली दिसतो तो ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याकडचा मुलूख, शेतांचे तुकडे आणि झाडी. ज्या कड्यासाठी एवढी पायपीट केली तो स्वतः दिसतच नाही. तो पाहायचा तर अर्धचंद्राच्या एका टोकाकडे, काठापासून अंतर ठेवून, चालत जावे लागते. तिथून दुसऱ्या बाजूची भिंत समोर येते. म्हणजे कड्याचा पहिला फाटा कड्याच्या कडेकडेनेच निघतो, आणि जिथे गर्दी थांबते त्या जागेवर उभे राहून तो चुकतोच.

त्या टोकावरून पाहिले की भिंत एकसंध वाटत नाही. जाड, काळसर, उभ्या भेगांनी चिरलेले पट्टे आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या बारीक, ठिसूळ, कुठे तांबूस रेघा असा आडवा क्रम दिसतो. या रेघांवर माती धरते, म्हणून गवताच्या हिरव्या किंवा पिवळ्या पट्ट्या नेमक्या त्यांच्याच ओळीत असतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज शिल्लक असलेला हा दख्खनचा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. प्रत्येक थराचा गाभा सावकाश थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहिला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे बराच काळ गेला, तेवढ्यात आधीच्या थराचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून त्याची तांबडी माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती दबली. टणक गाभा आणि मऊ सांधा हा क्रम एकदा डोळ्यांत भरला की भिंत सरळ का राहते हेही उमगते. मऊ सांधा आधी झिजतो, त्याच्या वरच्या टणक थराचा आधार सुटतो आणि उभ्या भेगेवरून अख्खा फळका निखळून खाली येतो. उतार तयार व्हायला फुरसतच मिळत नाही. भिंत मागे सरकते, पण उभीच राहते.

हे स्पष्टीकरण बरोबर असले तरी अर्धे आहे. फळके नुसते पडत राहिले असते तर पायथ्याशी ढिगारा साचून एव्हाना निम्मी भिंत त्याखाली गेली असती. कोणीतरी तो ढिगारा सतत उचलून नेते आहे. शिवाय भेगा उघडायला पाणी लागते, आणि ते वरून यावे लागते. हे दोन्ही काठावरून दिसत नाही. म्हणून इथे कड्याकडे पाठ करून पूर्वेला, मंदिराकडे परतावे लागते.

हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर पठाराच्या खोलगट भागात आहे. सुमारे १६ मीटर उंचीचे त्याचे नागर शैलीचे शिखर दुरून एकदम दिसत नाही, कारण भोवतालचा कातळ कोरून केलेल्या जागेत ते उभे आहे. आजूबाजूला लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, पूर्वेला पुष्करणी आहे आणि तिच्या एका भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. चांगदेवांनी इथे तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला अशी परंपरा आहे. मंदिराच्या परिसरातल्या कोरीव लेखांत त्यांचे नावही येते. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मंदिरापासून वाहणारी मंगळगंगा. तिचा उगम इथलाच. कोकणाच्या काठापासून जेमतेम पाऊण तासाच्या चालीवर जन्मलेला हा ओढा कोकणात जात नाही. तो पाचनईच्या अंगाने उतरतो, मुळेला मिळतो, मुळा नेवाशाजवळ प्रवरेला मिळते, प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीत जाते आणि ते पाणी अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला पोहोचते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. तो पाठीशी टाकून मंगळगंगेचे पाणी हजाराहून अधिक किलोमीटरचा फेरा घेते.

जुन्या लोकांनी ही गोष्ट हेरली होती असे मानायला जागा आहे. शिलाहार राजा झंझ याने गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली असे परंपरा सांगते. रतनवाडीचे अमृतेश्वर प्रवरेच्या उगमाकडे, पूरचे कुकडेश्वर कुकडीच्या उगमाशी, हरिश्चंद्रेश्वर मंगळगंगेच्या, खिरेश्वरचे नागेश्वरही याच मालिकेतले. आज दिसणारे सगळे दगड एकाच काळातले, एकाच राजाच्या हातचे आहेत असे समजण्याचे कारण नाही. परंपरा पुष्कळदा नंतर नीटनेटकी करून सांगितली जाते. पण देवळांच्या जागा तर खऱ्या आहेत, आणि त्या नकाशावर मांडल्या की सह्याद्रीच्या काठाच्या जरा आत, पूर्वेकडे वाहणाऱ्या पाण्याच्या डोक्यावर पडतात. कड्यावर उभे राहून नजर पश्चिमेला जाते; देवळे बांधणाऱ्यांची नजर पाण्याबरोबर पूर्वेला गेली होती. निव्वळ उंच आणि भव्य जागा हवी असती तर काठासारखी जागा नव्हती. त्यांनी उगम निवडला.

मंदिराच्या बाजूलाच केदारेश्वराची गुहा आहे, आणि हा फाटा वेळेच्या हिशेबात सर्वांत स्वस्त आहे. आत मोठे शिवलिंग, भोवती कंबरभर बर्फगार पाणी, आणि पिंडीच्या चार कोपऱ्यांवरच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगे, शेवटचा पडला की जग बुडणार, ही कथा तिथे प्रत्येकाला ऐकायला मिळते. कथा ऐकावी आणि मग पाण्याकडे पाहावे. इतक्या उंचावर, तिन्ही बाजूंनी तुटलेल्या डोंगरावर, पावसाळा सरून महिने लोटले तरी हे पाणी असते. दख्खनच्या कातळात पाणी मुरते ते भेगांतून आणि सच्छिद्र पट्ट्यांतून; खाली घट्ट थर किंवा मातकट सांधा लागला की ते अडते आणि आडवे सरकू लागते. अशा जागी कोरले की टाके भरते. गडोगडी टाकी खोदणाऱ्या पाथरवटांना भूशास्त्राचे धडे कोणी दिले नव्हते, पण कोणत्या पट्ट्यात छिन्नी लावायची हे त्यांना पक्के ठाऊक होते. आता हेच पट्टे पश्चिमेला नेऊन पाहा. तिथे डोंगर कापला गेल्यामुळे ते उघडे पडले आहेत आणि आडवे सरकणारे पाणी भिंतीतून झिरपते. तेच पाणी मऊ सांधा भुसभुशीत करते आणि भेगा रुंदावते. माथ्यावरची टाकी ज्या पाण्याने भरतात, त्याच पाण्याने कडा पडतो. ही जोड काठावर बसून जुळत नाही, केदारेश्वरापाशी जुळते.

उरला ढिगारा उचलणारा. त्यासाठी तारामती. मंदिरापासून तासाभराचा चढ, शेवटी घसाऱ्याचा, आणि वाटेत पायथ्याशी गणेशगुहा. गडाचा हा सर्वांत उंच माथा, पण उंचीपेक्षा त्याची जागा मोलाची. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला आजोबा, रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, दक्षिणेला नाणेघाट आणि जीवधन ओळखता येतात. बहुतेक जण ही नावे मोजतात आणि उतरतात. नावे मोजून झाली की पाणी मोजावे. उत्तरेकडच्या उतारांचे पाणी मुळेला, म्हणजे गोदावरीला. दक्षिणेला खाली खिरेश्वरजवळ पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय चकाकतो. ते पाणी कुकडी, घोड, भीमा अशा वाटेने कृष्णेला. पश्चिमेच्या कड्यांखालचे पाणी काळू नदीत, तिच्यातून उल्हासला आणि खाडीतून अरबी समुद्राला. तीन खोरी एका डोंगरावर येऊन मिळतात. हरिश्चंद्र-बालाघाट रांग गोदावरी आणि भीमा ही खोरी वेगळी करते हे शाळेच्या भूगोलात असते. ती रांग जिथे सह्याद्रीला चिकटते तो सांधा म्हणजे हा गड. खिरेश्वरच्या वाटेवरची तोलार खिंड ही त्या रांगेतलीच खाच. खिरेश्वरहून कोथळ्याकडे खिंड ओलांडणारा माणूस चार पावलांत भीमेच्या खोऱ्यातून गोदावरीच्या खोऱ्यात जातो.

आता तारामतीवरूनच दोन बाजूंचे उतार ताडून पाहावेत. सह्याद्रीचा हा काठ कौलारू घराच्या आढ्यासारखा आहे, पण घर एका बाजूला कललेले: पूर्वेची पाख लांबच लांब आणि संथ, पश्चिमेची आखूड आणि उभी. गोदावरीकडे जाणाऱ्या पाण्याला तेवढीच उंची उतरायला अख्खा द्वीपकल्प मिळतो; काळूच्या ओढ्यांना ती काही किलोमीटरांतच उतरावी लागते. त्यांच्या अंगी जोर आहे तो या घसरणीचा. पावसाळ्यात तेच ओढे कड्याखालचे दगडगोटे ढकलत नेतात आणि पायथा मोकळा ठेवतात. कड्याला उभा ठेवणारा हात हाच. उत्तर-दक्षिणेला, नाणेघाटापर्यंत आणि त्यापलीकडेही, नजर पोहोचेल तिथवर असाच तुटका काठ दिसतो, त्यावरून हेही ध्यानात येते की कोकणकडा हा निसर्गाचा एखादा सुटा चमत्कार नाही. शेकडो किलोमीटर लांबीच्या एका काठाचे ते सर्वांत ठळक वळण आहे.

इथे एक रास्त शंका येते. काठ मागे सरकतो म्हणता, मग तो सुरू कुठून झाला? साधारण ६ ते ६.५ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि आपला पश्चिम किनारा तयार झाला. तेव्हा किनाऱ्याजवळ निर्माण झालेला काठ झिजत झिजत पूर्वेला सरकला असे एक मत आहे. पण तो केव्हा आणि किती वेगाने सरकला, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर अगदी सावकाश असे झाले का, यावर भूशास्त्रज्ञांत वाद आहेत. आपल्या मुद्द्याला त्या वादाचा निकाल लागावा लागत नाही. माथ्यावरची नदी जवळच्या समुद्राकडे पाठ करून वाहते, पश्चिमेचे ओढे तिच्यापेक्षा कितीतरी उभे आहेत आणि कड्याखाली त्याला गाडून टाकेल असा ढिगारा नाही, ही तीन निरीक्षणे कोणालाही एका दिवसात करता येतात. त्यांतून एवढे नक्की निघते की काठ स्थिर नाही आणि झीज पश्चिमेकडून पूर्वेला चाल करून येते आहे. गती कितीही मंद असो, दिशा तीच.

पाण्याचा हिशेब झाला, हवेचा राहिला. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, या भिंतीला धडकतो आणि वर चढतो. चढताना थंड होतो आणि बाष्पाचा पाऊस होतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ज्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात त्या घाटघरला, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला राहुरीकडे तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. काठावर हा वारा अंगाने कळतो. पावसाळ्यात कड्यावरून पडू पाहणारी धार वाऱ्याने उलटी वर फेकली जाते. कोरड्या दिवसांत काठावरून सुटलेले वाळके पान खाली न जाता डोक्यावरून मागे येते. आणि काठापासून काही पावले मागे हटले की वारा पडल्यासारखा वाटतो, कारण वर चढणारा झोत पठाराला न चिकटता वरून निघून जातो. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणाऱ्या कर्नल विल्यम साईक्सने हे फार बारकाईने टिपले होते. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडाचा हा कडा त्याने २,००० ते ३,००० फुटांचा धरला आणि लिहिले की कोकणातले धुके कधी कधी काठाच्याही वर चढते, पण पठारावर सरकत नाही. त्या धुक्याच्या भिंतीवरच त्याला पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसले, ज्याला आज गडावर सगळे इंद्रवज्र म्हणतात.

इंद्रवज्राची भौतिकी या प्रकरणाच्या मुद्द्याला चांगलीच पुष्टी देते. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि बराच खाली हवा, धुके समोर हवे, आणि पाहणाऱ्याची सावली त्यावर पडायला हवी. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेने परत फेकतात आणि सावलीतल्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात. शेजारी दहा माणसे उभी असली तरी प्रत्येकाला कडे दिसते ते स्वतःच्याच डोक्याभोवती. आता कड्याचे तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पाठीशी असायचा तर वेळ सकाळचीच हवी. जो बेत सूर्यास्तासाठी काठावर पोहोचण्याचा असतो, त्यात सूर्य नेमका समोर असतो आणि इंद्रवज्र कधीच दिसू शकत नाही. काठ ‘शेवटचे ठिकाण’ मानल्यामुळे त्याच्या सर्वांत दुर्मीळ दृश्याची वेळच हातून जाते.

यावर पहिला आक्षेप असा की लोक डोंगरात भूगोल शिकायला जात नाहीत. कड्यावर बसून वारा खावा, डोळे भरून पाहावे, त्यात खोऱ्यांची आकडेमोड कशाला? आक्षेपात तथ्य आहे: पाहण्याचा आनंद समजण्यावर अवलंबून नसतो. पण आनंदाला वेळ लागतो, आणि काठावर माणूस फार वेळ टिकत नाही. दरी पाहून झाली की हात मोबाइलकडे जातो. पाहण्यासारखे काय आहे हे ठाऊक असेल तर तोच माणूस समोरच्या भिंतीवरची तांबूस रेघ शोधत बसतो, तिच्यावरच्या गवताचा पट्टा कुठे तुटतो ते पाहतो. माहितीमुळे दृश्य कोमेजत नाही. त्यात मुक्काम करता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फाटे वाढवले की वेळ वाढतो, थकवा वाढतो आणि अपघाताची शक्यताही. त्याचे उत्तर घड्याळाने द्यावे. पाचनईहून मंदिरापर्यंत बेताच्या चालीने दोन ते अडीच तास. केदारेश्वर आणि पुष्करणीला अर्धा तास. तारामतीला जाऊन-येऊन दोन तास. मंदिर ते कडा जाऊन-येऊन दीड तास, काठावर एक तास, आणि उतरायला दोन. बेरीज साडेनऊ तासांच्या घरात जाते. पहाटे सहाला निघालेला गट चारच्या सुमारास पाचनईत असतो. नोव्हेंबरात सूर्य मावळायला तेव्हाही दोन तास बाकी असतात. म्हणजे दोन्ही मोठे फाटे एका दिवसात बसतात, फक्त सूर्यास्त सोडावा लागतो. आणि अंधारातली उतरण टळते हा त्यातला मोठाच नफा. डोंगरात पाय चुकतो तो बहुधा उशीर झाल्याच्या घाईत, दमलेल्या पायांनी उतरताना. खिरेश्वरहून यायचे तर गणित बदलते. तोलार खिंड, रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आणि पुढच्या टेकड्यांची चढउतार धरून मंदिरापर्यंतच चार-पाच तास जातात. त्या वाटेने येणाऱ्याने खिंडीलाच आपला एक फाटा समजावे आणि तारामती किंवा कडा यांतले एकच घ्यावे.

फाटे ऐच्छिक असतात याचा खरा अर्थ इथे लागतो. प्रत्येक फाट्याबरोबर तो केव्हा सोडायचा याची अट आधीच ठरलेली हवी. ढग उतरले असतील तर तारामती सोडावी; वर काही दिसणार नाही आणि घसाऱ्यावर धुक्यात वाट हरवते. पाऊस जोरात असेल तर केदारेश्वराच्या पाण्यात उतरू नये. वारा झोडपत असेल तर काठाची चाल सोडून मागच्या मागे फिरावे, आणि काठाला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या पलीकडच्या दगडावर पाऊलही ठेवू नये. फळका कसा निखळतो ते वर आलेच आहे. ज्याचा सगळा दिवस एकट्या कड्यावर टांगलेला आहे त्याला माघार घेणे जड जाते, कारण कडा सुटला तर हाती काहीच उरत नाही. ज्याच्याकडे चार फाटे आहेत तो एक सहज सोडतो. कोकणकडा अनुभवी माणसालाही सूट देत नाही. रॅपलिंगमधले जाणते नाव असलेले गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये याच कड्यावर मृत्यू झाला. तयारीच्या माणसांच्या बाबतीत हे घडते, तिथे सहलीला आलेल्याने काठाशी बेफिकीर राहण्यात कसले शौर्य?

तिसरा आक्षेप कसलेल्या डोंगरभटक्यांचा असतो. कडा समजायचा तर बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढावे. मोठमोठ्या धोंड्यांमधून, कातळटप्प्यांवरून, थरामागून थर हाताखालून जातो, त्यापुढे केदारेश्वर-तारामतीचे काय? थरांची ओळख हाताला होते हे खरे, आणि कड्याखालचा ढिगारा कुठे जातो हे त्या नळीइतके दुसरीकडे कुठेच स्पष्ट दिसत नाही. पण ती वाट फाटा म्हणून एखाद्या दिवसाला जोडण्याजोगी नाही. तिला वाटाड्या, दोर आणि कोरडा ऋतू लागतो, आणि दिवस चढण्यातच संपतो. शिवाय नळीतून पश्चिमेची एकच बाजू दिसते. मुळेकडे वळणारे पाणी पाहायला नळीने आलेल्यालाही शेवटी मंदिराकडे चालावेच लागते.

चौथा आक्षेप गडाच्या बाजूने आहे. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जास्त फाटे म्हणजे जास्त पाऊलवाटा, तुडवलेले गवत, मोडलेली कारवी, टाक्यांत कचरा. ही काळजी योग्य आहे, पण माणसे जितकी येतात तितकी येणारच असतील तर एकाच काठावर एकाच वेळी साचण्यापेक्षा मळलेल्या वाटांवर विखुरलेली बरी. नव्या वाटा पाडायच्या नाहीत आणि टाक्यांत हातपाय धुवायचे नाहीत. पाचनई-खिरेश्वरच्या लोकांपैकी कोणाला तरी वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. मुक्कामाचे आणि प्रवेशाचे वनखात्याचे नियम निघण्याआधी विचारून घ्यावेत. गावातला माणूस बरोबर असला की आणखी एक फायदा होतो: कोणते टाके केव्हा आटते आणि कोणता ओढा कुठे जातो हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

तेव्हा बेत असा आखावा. आदल्या रात्री पाचनईत मुक्काम. धुक्याचा हंगाम असेल, म्हणजे पाऊस ओसरतानाचे दिवस, तर अंधार असतानाच वाटाड्यासह निघून आधी थेट कड्यावर जावे, सूर्य पाठीशी खाली असताना. आकाश निरभ्र असेल तर उलट करावे: आधी केदारेश्वर, मग तारामती, आणि शेवटी, दुपारी, कडा. वेळ किंवा हवा फिरली तर तारामती पहिली सोडावी आणि मंदिर-केदारेश्वर शेवटपर्यंत सोडू नये, कारण एका तासात सर्वांत जास्त पुरावा तिथेच मिळतो. कडा सोडायची वेळ आली तर? सोडावा. मंगळगंगेचा उगम आणि केदारेश्वराचे पाणी पाहून परतलेल्याला हा डोंगर कसा चालतो ते कळलेले असते, आणि कडा त्याच चालीचा एक परिणाम आहे. काठावरून थेट परतलेल्याने परिणाम तेवढा पाहिलेला असतो.